आपण अंथरुणात, हप्ता मात्र पाच तारखेला

गेल्या महिन्यात विट्याच्या बॅचमध्ये एका मुलानं प्रश्न विचारला. वय सत्तावीस-अठ्ठावीस, एमआयडीसीत नोकरी, मार्चमध्ये राजीनामा देऊन मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचं म्हणतोय. "मॅडम, घराचं कर्ज चालू आहे. दुकान टाकलं आणि मीच आजारी पडलो तर हप्ता कोण भरणार?"

वर्गात दोघं-तिघं हसले. मी नाही हसले, कारण मी त्यातून गेलेय.

माझं कराडला मॅचिंग सेंटर आहे हे तुम्हाला माहीत आहेच. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, लेस. दिवाळी संपून तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, म्हणजे आमची लगीनसराई आता सुरू होणार. दुकान भरायला इचलकरंजीहून उधारीवर माल आलेला. वरच्या फळीवरचा ताका काढायला स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लेट आणि स्क्रू घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही आणि दुकानात उभं राहायचं म्हणाल तर तीन-साडेतीन महिने धरा.

घर घेऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. १८ लाखांचं कर्ज, १५ वर्षं, ९ टक्के. हप्ता १८,२५७ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. ह्यांचा पगार २२ हजार. घरखर्च त्यांच्या पगारातून आणि हप्ता दुकानातून, असं आमचं ठरलेलं गणित.

नोकरीत जे मिळतं ते दुकानात कुणी देत नाही

त्या मुलाला मी आधी हे विचारलं की तुला ईएसआय आहे का? होतं. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही सोय आहे. वर नोकरीतली आजारपणाची रजा वेगळी. आपल्याकडे माणसं नोकरी सोडताना पगार किती बुडणार ते मोजतात, पण या गोष्टी मोजतच नाहीत. राजीनामा दिला की त्या गेल्या. उद्या तुमच्याकडे दहा माणसं कामाला असतील तर त्यांना ईएसआय लागू होईल. मालक म्हणून तुम्हाला नाही.

मला वाटत होतं, माझ्याकडे तीन विमे आहेत. पायाला प्लास्टर असताना कागद वाचायला वेळच वेळ होता, तेव्हा तिन्ही फायली काढल्या.

पहिला मेडिक्लेम. त्यानं हॉस्पिटलचं बिल दिलं आणि त्याचं काम तिथं संपलं.

दुसरा, पंतप्रधान सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख. हाड मोडून तीन महिने घरी बसलात तर शून्य. वीस रुपयांत ते तरी किती देणार, घ्या जरूर तो विमा, पण हप्त्याची आशा त्यावर ठेवू नका.

तिसरा होता कर्जासोबत घेतलेला विमा. कर्ज मंजूर करताना बँकेतल्या मुलानं सांगितलं होतं, "मॅडम, याच्यात तुमचा हप्ता सुरक्षित." ३८ हजारांचा एकरकमी प्रीमियम, तोही कर्जातच घातलेला, म्हणजे त्यावरही पंधरा वर्षं व्याज. सर्टिफिकेट वाचलं तर त्यात एकच गोष्ट सुरक्षित होती, ती म्हणजे मी मेले तर. अपंगत्व, गंभीर आजार हे वेगळे जोडून घ्यायचे होते आणि कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. सह्या करायची घाई होती, वास्तुशांतीची तारीख ठरली होती.

आता जीवन विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नसेल तर परत करता येते. ज्यांचं कर्ज नुकतंच झालंय त्यांनी आज रात्री फाईल काढा.

माझी चूक

डिसेंबरचा हप्ता करंट अकाउंटमधल्या शिल्लकीतून गेला. दुकान कामाला असलेली मुलगी आणि आमच्या सासूबाई मिळून चालवत होत्या. सासूबाई गल्ल्यावर आणि मी घरून व्हिडिओ कॉलवर. पण फोनच्या कॅमेऱ्यात रामा आणि मोरपंखी एकसारखाच दिसतो. गिऱ्हाईक साडी घेऊन समोर उभं, मी इकडून "तिसऱ्या कप्प्यातला दे" म्हणतेय आणि घरी गेल्यावर ते अस्तर जुळत नाही. चार जणी परत आल्या, पाचवी आलीच नाही, ती समोरच्या दुकानात गेली. ऐन सीझनमध्ये गल्ला एक तृतीयांशावर आला.

आणखी एक गंमत. दुकान माझ्या एकटीच्या नावावर, करंट अकाउंटवर सही माझी एकटीची, यूपीआय माझ्या फोनवर. ऑपरेशनच्या दोन दिवसांत व्यापाऱ्याला द्यायचा चेक सहीविना पडून राहिला. खात्यात पैसे होते तरी घरातल्या कुणाला ते काढता येत नव्हते.

जानेवारीच्या ५ तारखेला हप्ता बाऊन्स झाला. फेब्रुवारीचाही झाला. दोन्ही वेळा कर्जाच्या बँकेनं दंड लावला आणि ज्या खात्यातून पैसे जायचे त्या बँकेनंही लावला, वर जीएसटी. मी काय केलं? फोन उचलणं बंद केलं. अनोळखी नंबर दिसला की फोन उलटा ठेवायचा. वर्गात मी लोकांना सांगते की बँकेशी बोलत राहा, आणि स्वतःवर वेळ आल्यावर लाज वाटली म्हणून गप्प बसले. वाटायचं, पाय बरा झाला की एकदम भरून टाकू, मग सांगायची गरजच नाही.

शेवटी २७ फेब्रुवारीला वॉकर घेऊन बँकेत गेले. मॅनेजरांनी बसायला खुर्ची दिली, एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन झाल्यावर एक फोन केला असता तर निदान तुमचे बाऊन्सचे पैसे वाचले असते."

९० दिवसांचं मीटर

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक धंदेवाल्यानं समजून घ्यायला हवं.

हप्ता चुकल्या दिवसापासून बँकेचं मीटर चालू होतं. ३० दिवसांपर्यंत खातं एका कप्प्यात, ३१ ते ६० दुसऱ्या, ६१ ते ९० तिसऱ्या. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए. हे मीटर सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. माझा जानेवारीचा हप्ता थकून ५३ दिवस झाले होते. मी त्या दिवशी एकच हप्ता भरला असता तरी तो जानेवारीच्या नावावर जमा होऊन मीटर फेब्रुवारीच्या ५ तारखेपासून, म्हणजे २२ दिवसांवर आलं असतं. थकबाकी पूर्ण मिटत नाही, दंड चालू राहतो, पण खातं काठावरून मागे येतं. म्हणून हातात दोन हप्त्यांचे पैसे नाहीत म्हणून एकही न भरणं हा सगळ्यात महागडा स्वाभिमान आहे.

एकदा एनपीए झालं की हा मार्ग बंद. मग एक हप्ता भरून खातं पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच करून टाकलंय.

त्याच्या पुढचा रस्ता २००२ च्या सरफेसी कायद्याचा. आधी ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क आहे आणि त्या उत्तराला बँकेनं १५ दिवसांत जवाब द्यावा लागतो. पैसे भरले नाहीत तर ताबा, मग लिलाव. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं. "आमची तर सहकारी बँक आहे, अध्यक्ष ओळखीचे आहेत" असं कुणी म्हणत असेल तर ऐका, २०२० साली सुप्रीम कोर्टानं सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निकाल दिलाय. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. तोही हलक्यात घेऊ नका.

हे घाबरवायला सांगत नाही. ९० दिवसांच्या आत मॅनेजरच्या हातात थोडंफार असतं, नंतर फाईल वसुली विभागाकडे जाते, एवढंच सांगायचंय. आणि वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. केला तर वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

"सहा महिने हप्ता थांबवा ना"

मीही हेच मागितलं होतं. करोनात सगळ्यांना मिळालं होतं की! मॅनेजर म्हणाले, ती २०२० ची खास सवलत होती, मार्च ते ऑगस्टपुरती. आता एका कर्जदाराच्या अडचणीसाठी हप्ते थांबवले किंवा मुदत वाढवली तर त्याला रिस्ट्रक्चरिंग म्हणतात. त्यात खातं सहसा लगेच एनपीएत धरलं जातं आणि क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद लागते. उद्या दुकानासाठी कर्ज मागायला जाल तर पहिली ती नोंद दिसेल. म्हणून बँकेनं काही मंजूर केलं तर एकच प्रश्न विचारा, "हे रिस्ट्रक्चरिंग धरणार का?" आणि उत्तर लेखी घ्या.

शिवाय थांबवलेला हप्ता फुकट नसतो. घरी आल्यावर मी हिशेब मांडला. सोपं जावं म्हणून कर्ज नुकतंच सुरू झालंय असं धरा. १८ लाखांवर महिन्याचं व्याजच १३,५०० रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर ते व्याज मुद्दलात जाऊन कर्ज जवळपास १८ लाख ८२ हजार ५०० होतं. पुढे तोच १८,२५७ चा हप्ता चालू ठेवला तर १८० ऐवजी साधारण १९९ हप्ते लागतात. सहा हप्ते थांबवले आणि एकोणीस वाढले! सुमारे ३ लाख ४० हजार रुपये. आता पंधरा वर्षांनंतरच्या रुपयाला आजची किंमत नसते हे मान्य, बीबीएला तेवढं शिकवलं होतं. तरीही.

तेच सहा हप्ते, म्हणजे १ लाख साडेनऊ हजार, सोन्यावर उचलले, १० टक्क्यांनी, आणि वर्षभरात फेडले तर व्याज फार तर अकरा हजार. अट एकच, वर्षभरात फेडायचे. तेवढी ताकद परत येणार असेल तरच.

हे मी कुणाशी बोलले नव्हते. पण संध्याकाळी सासूबाई आतून पाटल्या घेऊन आल्या आणि वहीवर ठेवल्या. म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं? दोन महिने माझ्याशेजारी बसून गल्ला मोजतेयस फोनवर." मी काहीच बोलू शकले नाही. ७५ हजार मिळाले. दोन्ही थकलेले हप्ते आणि दंड भरला, मार्चचा बाजूला काढला, उरले ते फिजिओथेरपीला. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला खरं काय ते सांगितलं तर त्यांनी दीड महिना वाढवून दिला आणि न फोडलेले आठ ताके परत घेतले. या सगळ्यात सगळ्यात सोपा फोन तोच होता, आणि मी तोही नोव्हेंबरपासून टाळत होते.

आधी विचारायचं ते हे: किती दिवस?

मला हे जमलं कारण माझ्या पायाला तारीख होती. डॉक्टरांनी साडेतीन महिने सांगितले आणि साडेतीन महिन्यांत मी उभी राहिले. ज्या आजाराला तारीख नाही तिथं सोनं गहाण टाकून हप्ते भरत राहणं म्हणजे घराबरोबर सोनंही घालवणं.

आमच्याच एका बॅचमधले केटरिंगवाले आहेत. पक्षाघात झाला, उजवा हात गेला. पहिले चार महिने त्यांच्या घरच्यांनी माझ्यासारखंच केलं, दागिने, हातउसने, मग मोबाईलवरचं झटपट कर्ज. त्या अॅपवाल्या कर्जापासून चार हात लांब राहा, एवढंच म्हणते. पाचव्या महिन्यात त्यांच्या मुलीनं हिशेब घेतला आणि फ्लॅट भाड्यानं देऊन सगळे गावच्या घरी राहायला गेले. भाड्यातून अर्धा हप्ता निघतो, अर्धा मुलगी भरते. वडिलांना ते आवडलेलं नाही, अजून रुसलेले असतात. पण कर्ज नियमित आहे. आणि भाड्यानंही भागत नसेल तर घर स्वतः विका, कर्ज फेडा, उरलेलं घ्या. लिलावाची वाट पाहून तेवढी किंमत मिळत नाही.

बँकेत जाताना काय न्यायचं

एक पानाचं पत्र पुरतं. कर्ज खात्याचा नंबर, अपघात किंवा आजार कधी झाला, डॉक्टरांच्या मते कामावर कधी परत येणार, सध्या घरात किती येतंय, दर महिन्याला नक्की किती भरू शकता आणि काय हवंय. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. नुसतं "सहकार्य करावे" लिहू नका, नेमकं मागा. हप्त्याची तारीख पुढं सरकवून मिळेल का? पुढचे दोन महिने ऑटो डेबिट न पाठवता मी येऊन भरले तर चालेल का? हे दुसरं महत्त्वाचं आहे, कारण ऑटो डेबिट बाऊन्स होण्यावर २००७ च्या कायद्यानं चेक बाऊन्ससारखी फौजदारी कारवाईही होऊ शकते. सगळ्याच बँका सगळं देतील असं नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी बोलणं बदली झालेल्या मॅनेजरबरोबर निघून जातं.

माझी ५३ दिवसांची नोंद पुढं आलीच. वर्षभरानं मुद्रा कर्ज मागायला गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं रिपोर्टवर बोट ठेवलं. हप्त्यांचा ३६ महिन्यांचा इतिहास त्यात दिसतो. पोच असलेलं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि त्यानंतरचे बारा वेळेवर भरलेले हप्ते दाखवले. त्यांनी विचार करायला पंधरा दिवस घेतले, मागितलेल्यापेक्षा कमी दिलं, पण दिलं.

नोकरी सोडायच्या आधी

त्या विट्याच्या मुलाला मी काय सांगितलं? पहिलं, दुकानाच्या भांडवलाला हात न लावता सहा हप्त्यांची वेगळी एफडी. ती नसेल तर राजीनामा सहा महिने पुढं ढकल. त्याचा चेहरा पडला, पण मी मागे हटले नाही. दुसरं, वैयक्तिक अपघात विमा, पण त्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा लाभ आहे का ते पाहून. बऱ्याच पॉलिसींत तो विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला असतो, काही मर्यादेपर्यंत. १० लाखांची पॉलिसी असती तर मला आठवड्याला १० हजारांपर्यंत मिळाले असते, तीन महिन्यांचे हप्ते आरामात निघाले असते. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षापासून रिटर्न भरायचं. टॅक्स बसत नसला तरी. हा विमा अपघातापुरता आहे, आजाराला नाही. आजारासाठी क्रिटिकल इलनेस वेगळा, आणि त्यातही यादीत नाव असलेलाच आजार.

तिसरं, दुकानाच्या खात्यावर घरातल्या एका विश्वासू माणसाला सहीचा अधिकार. आता माझ्या खात्यावर ह्यांची सही चालते. कसा अर्ज करायचा, कुठला फॉर्म, हे पुढच्या बुधवारच्या व्हिडिओत बँकेच्या कागदांसकट दाखवणार आहे. तोवर कर्जाची फाईल, विम्याचं सर्टिफिकेट आणि करंट अकाउंटचं पासबुक एका पिशवीत काढून ठेवा.

पाटल्या नवव्या महिन्यात सोडवल्या. सासूबाईंनी हातात घालून बघितल्या, वजन बरोबर आहे का म्हणून.